पुढची जागा आणि बंद नाक

माझ्या धाकट्या जावेचं नाक उघडलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? आम्ही दोघी पनवेलजवळ सुकापुरात एकाच बिल्डिंगमध्ये राहतो, मी तिसऱ्या मजल्यावर आणि ती दुसऱ्या. बिल्डिंग आमच्याच भाताच्या शेतावर उभी आहे. नवी नवरी होऊन आले तेव्हा जिथे चिखलात उभी राहून मी लावणी केली, तिथे आता लिफ्ट आहे. संसार वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, दुखणं मात्र दोघींचं एकच राहिलं.

थंडी सरत आली आणि आंबे मोहरले की आमची नाकं बिघडतात. पहिले काही दिवस नुसत्या शिंका, एका दमात दहा-बारा. मग डोळे खाजतात, टाळूला अशी खाज सुटते की जिभेने खरवडून काढावीशी वाटते. आठवड्याभरात नाक ठार बंद. त्यात चारी बाजूंनी टॉवर चढताहेत, त्यांची धूळ वेगळीच. दुसऱ्या बायांना या दुखण्यात फक्त रुमाल लागतात. आम्हाला ते परवडत नाही, कारण नेमके तेच लग्नाचे दिवस असतात आणि आम्ही दोघी धवले गातो.

धवला म्हणजे आम्हा आगऱ्यांच्या लग्नातलं गाणं, आणि ते गाणारी ती धवलारीण. मांडव उभा राहिला की ती बसते आणि देवांना लग्नाचं आवतण देते. गावदेवीपासून सुरुवात करून एकेक देव नावाने, आणि देव संपले की घरातली गेलेली माणसं, तीही नावाने. पुढची बाई ओळ म्हणते, मागची तीच ओळ झेलते. पेटी नाही, तबला नाही, नुसता गळा आणि दम. नाक बंद असलं की दम तोंडाने घ्यावा लागतो, तोंडाने घेतला की घसा सुकतो आणि ओळ अर्ध्यावर तुटते. मांडवातल्या म्हाताऱ्या मग एकमेकींकडे बघतात.

आम्हाला हे सासूबाईंनी शिकवलं. त्या पुढे, मी मागे आणि धाकटी माझ्याही मागे, अशी वीसेक वर्षं गेली. त्या काही लिहू द्यायच्या नाहीत. मी पनवेलला शाळेच्या ऑफिसात क्लार्क, हातात सदा पेन. एकदा देवांची नावं वहीत उतरवायला घेतली तर त्यांनी पान टरकावलं. "कागूद बगून कुनी देवाला बोलावतं का?" म्हणाल्या. म्हणून मी सगळं पाठ केलं. धाकटीने पाठ केलं की नाही ते मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी कधी विचारलंही नाही.

गेल्या श्रावणात सासूबाई गेल्या. आमच्या घरात एक रीत आहे. धवलारीण गेली की तिच्यानंतर घरात जे पहिलं लग्न होतं, त्यात तिचं नाव गेलेल्या माणसांत पहिल्यांदा घेतात, आणि ते नाव जी घेते ती तिच्या जागी बसली असं धरतात. कोणी ठराव करत नाही, कोणी नारळ हातात देत नाही. नाव घेतलं की झालं. मी थोरली, वीस वर्षं त्यांच्या पाठीला लागून बसलेली, पाठांतर माझं पक्कं. त्यामुळे ते नाव कोण घेणार हा माझ्या लेखी प्रश्नच नव्हता.

आणि मग धाकटीचं नाक उघडलं.

झालं असं की तिच्या लेकीने तिला डिसेंबरात खांदा कॉलनीतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. तिथून ती एक नाकात मारायचा स्प्रे घेऊन आली. मी तोवर वर्षानुवर्षं गोळीवर होते. जुनी पिवळी गोळी, मेडिकलवाल्याला नुसतं "नेहमीची" म्हटलं की तो पुडी पुढे सरकवायचा. गोळीचं मी वाईट बोलणार नाही. तासाभरात शिंका थांबतात, डोळ्यांची खाज जाते, नाकाचं पाणी आटतं. पण बंद नाक बंदच राहतं, तोंडाला कोरड पडते आणि झोप अशी येते की ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारता मारता मी दोनदा आपल्याच अंगठ्यावर शिक्का मारलाय. मुख्याध्यापिका हसल्या होत्या. मी हसले नव्हते.

धाकटीचं तसं काही नाही. सकाळी दात घासले की दोन्ही नाकपुड्यांत एकेकदा फुसफुस, आणि बाई दिवसभर मोकळी. सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस तिलाही काही जाणवलं नाही म्हणे. मग एक दिवस तिला माझ्या घरातल्या धुपाचा वास आला. दुसऱ्या मजल्यावर बसून! धावत वर आली, "वयनी, तुमी धूप लावलाव का?" मी समोर बसले होते आणि मला धुपाचा धूरच काय तो दिसत होता.

"वयनी, तुमी पन चला ना डॉक्टरकडं. मना लय फरक परलाय," ती म्हणाली. "ते बोलले, गोळी शिंकांना नि खाजेला चालते. नाक सुजून बंद झाला का स्प्रेच बरा. पन रोज मारायचा, एक दिवस चुकवायचा नाय."

"मना नाय गरज," मी म्हणाले. "माजी गोळी हाय."

हे बोलताना माझा आवाज नाकातून येत होता. माझ्याच डोक्यात तिडीक गेली. आता माझं दुखणंही मी हिच्याकडून शिकून घ्यायचं होतं की काय?

जानेवारीत एका भावकीतल्या हळदीला आम्ही दोघी गेलो. मी पुढे, ती मागे. मी एक ओळ दोन तुकड्यांत ओढली आणि ती मागून तीच ओळ एका दमात सलग म्हणाली. मुद्दाम नव्हतं ते. तिचं काम झेलायचं, तिने झेललं. पण जेवणाच्या पंगतीत एक म्हातारी माझ्यासमोरच म्हणाली, "धाकटीचा गला काय झालाय गो, थेट सासूवानी." मी वांग्याची भाजी वाढून घेत होते. मला त्या भाजीची चव नाही, वास नाही, आणि वर हे ऐकायचं. ताट तिथंच ठेवून उठावंसं वाटलं. उठले नाही, सगळं संपवलं, कारण न जेवता उठले असते तर लोकांना कळलं असतं.

फेब्रुवारीत नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. सासूबाईंच्या सख्ख्या नातीचं, म्हणजे नाव घ्यायचं ते लग्न. नणंदेचा फोन आला. आधी साड्या, मग मानपान, मग जेवणवाला. शेवटी म्हणाली, "वयनी, तुमचा नाक कसा हाय? नाय, मी काय बोलते, त्रास व्हत असंल तर धाकटी बसंल पुढं. तुमी मागं बसा आरामशीर."

आरामशीर! म्हाताऱ्या बाईला रिक्षात चढायला मदत करावी तसं ती बोलत होती. मी म्हणाले, "पुढं मीच बसनार," आणि फोन ठेवला. मग किती तरी वेळ ओट्यापाशी उभी राहून मी धुतलेलेच तांदूळ परत धूत होते.

दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते आजवर कोणाला सांगितलं नाही. धाकटीकडे चहाला गेले, ती पाणी आणायला आत वळली तेवढ्यात टीव्हीशेजारी ठेवलेल्या तिच्या स्प्रेचा मोबाईलवर फोटो काढला. सुकापुरातल्या मेडिकलमधून घेतला असता तर संध्याकाळपर्यंत तिला कळलं असतं. म्हणून शाळा सुटल्यावर पनवेलच्या एसटी स्टँडजवळ एका अनोळखी दुकानात गेले आणि फोटो दाखवला. दुकानदार म्हणाला, डॉक्टरची चिठ्ठी? मी म्हटलं घरी राहिली. "कसा वापरायचा माहितीये ना?" त्याने विचारलं. नाकात मारायचं औषध, त्यात माहीत नसायला काय आहे? मी हो म्हणाले.

लग्नाला अठरा दिवस होते. म्हणजे वेळ पुरेसा होता, हे मुद्दाम सांगते.

आता माझी अक्कल बघा. सासूबाई आम्हाला नाक चोंदलं की कोमट तूप घालायच्या. पलंगावर उताणं निजायचं, डोकं कडेवरून खाली लोंबवायचं, दोन थेंब आत सोडायचे आणि जोरात ओढायचं, टाळूपर्यंत. माझ्या लेखी नाकात औषध घालायची हीच पद्धत. घरचे सगळे बाहेर पडल्यावर मी दार लावलं, उताणी निजले, डोकं लोंबवलं, नळी सरळ आत खुपसली, दाबली आणि तपकीर ओढावी तसं खसकन ओढलं. सगळं औषध घशात उतरलं. कडू कडू झालं तोंड. नाक जिथल्या तिथे. मला वाटलं कमी पडलं असेल, म्हणून परत मारलं.

तीन दिवस हे चाललं. एकदा सकाळी, एकदा दुपारी आठवेल तेव्हा, एकदा शिंक आली म्हणून. चौथ्या दिवशी नाकातून रक्ताचा थेंब पडला तो थेट देवपूजेच्या ताम्हणात. मग मात्र मी भडकले. स्प्रे तांदळाच्या डब्यात खाली पुरला. स्प्रेच्या खोक्यातला माहितीचा कागद तर मी पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकला होता, कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून. मनाशी म्हटलं, या औषधात काही राम नाही, मेलीचा गळाच चांगला आहे, उगाच स्प्रेचं नाव सांगते. तिला देवाने गळा दिला असेल हे एकवेळ मला चाललं असतं. माझ्यासारखंच नाक असून ती बरी झाली, हे बघवत नव्हतं.

हळदीचा दिवस उजाडला. नणंदेच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मांडव घातला होता, वर जांभळीच्या डहाळ्या, मेढीला उंबर. पाला ताजा, अजून त्याची धूळही झटकलेली नव्हती. मी रात्री एक गोळी घेतली होती. सकाळी मांडवात पाय ठेवला आणि सात शिंका आल्या, सगळ्या बायकांसमोर. नणंदेने धाकटीकडे बघितलं. ते बघणं मी बघितलं. मागे पाण्याच्या पिंपाशी जाऊन मी आणखी एक गोळी घेतली, आणि शिंका थांबेनात म्हणून थोड्या वेळाने तिसरी.

शिंका थांबल्या. मी पुढे बसले, धाकटी मागे. नणंद तिच्या लेकीला घेऊन पाटावर, भोवती तीस-चाळीस बायका. सुरू केलं. गावदेवी झाली, कुलस्वामिनी झाली, डोंगरावरचे झाले, खाडीकाठचे झाले. आवाज घोगरा, पण नावं बरोबर येत होती. जीभ टाळूला चिकटायची ती सोडवत मी पुढे जात होते. देव संपले, गेलेली माणसं आली. आजेसासरे, चुलतसासरे, लहानपणी गेलेला दीर. सासऱ्यांचं नाव घेतलं. धाकटीने झेललं. त्यानंतर सासूबाई.

आणि त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. डोळे मिटले की उघडे होते तेही आठवत नाही. मागून ओळ संपल्याचं कळलं, म्हणून मी तोंड उघडलं आणि शेवटची ओळ म्हणायला घेतली, सगळ्यांना मांडवात बसा म्हणायची. सासूबाईंना टाकून.

पहिला शब्द अर्धा बाहेर पडला असेल. तेवढ्यात मागून धाकटीचा आवाज आला. मागचीने कधी आधी गायचं नसतं, पण ती गायली. सासूबाईंचं नाव, पूर्ण ओळ, एका दमात, स्वच्छ. नणंदेने पदर तोंडाला लावला. मला एकदम जाग आली आणि मी तिच्या मागून तीच ओळ म्हणाले. मी झेलली. मग शेवटची ओळ म्हणून आवतण पुरं केलं.

उठले, पिंपाशी जाऊन तोंड धुतलं आणि परत आले तर बायका जवळ यायला लागल्या. मला वाटलं आता ऐकावं लागणार. पण एकीने पाठीवर हात फिरवला, दुसरीने पाणी दिलं. नणंद माझ्या गळ्यात पडून रडली. "आयचा नाव घेताना तुमचा गला भरला, वयनी. मी आपली तुमाला नाय नाय ते बोल्ले." माझे डोळे लाल होतेच, आठवडाभर चोळून. त्या लाल डोळ्यांनी मी तिच्याकडे बघत राहिले. धाकटी लांब पानाचे विडे लावत बसली होती. ओळ तिने म्हटली आणि कौतुक मला मिळत होतं, तरी मला तिचाच हेवा वाटत होता.

दोन दिवस मी तिचं तोंड चुकवलं. लिफ्टही घेतली नाही, जिन्याने गेले. तिसऱ्या दिवशी राहवेना. तांदळाच्या डब्यातून स्प्रे काढला आणि खाली गेले.

"माजा गला भरला नव्हता," दारातच सांगितलं. "मी झोपले व्हते. तीन गोल्या खाल्ल्या व्हत्या."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. ती कणीक मळत होती, हात तसेच परातीत. "तुमची मान खाली गेली ना, तवाच मना समजला."

"मग त्या सगल्या बायांना गला भरला असा कुनी सांगितला?"

ती कणीक मळत राहिली. तिनेच. मी पाण्याच्या पिंपाशी तोंड धूत होते तेवढ्या वेळात तिने मांडवभर ते पसरवलं होतं, म्हणजे नाव पहिलं तिने घेतलं हे कोणाच्या ध्यानातही राहू नये. सासूबाईंची जागा तिच्या पदरात पडली होती आणि ती उचलून तिने माझ्या पदरात टाकली होती. मला तिचा इतका राग आला की मी खुर्चीत बसून रडले. खरंच रडले, गोळीशिवाय.

मग मी स्प्रे तिच्यापुढे ठेवला. तिने तो बघितला, मोबाईलचा फोटो, एसटी स्टँड, तूप घालायची पद्धत, सगळं ऐकलं आणि इतकी हसली की हाताची कणीक गालाला लागली. "उतानी निजून मारलाव? आईंचा तूप हाय का तो?" मग हात धुऊन शिकवलं. मान थोडी खाली घालायची. नळी मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, कानाकडे वळवायची. उजव्या हाताने डावी नाकपुडी, डाव्याने उजवी. दाबायचं आणि हलकेच श्वास घ्यायचा, ओढायचं नाही. पण त्याआधी म्हणे डॉक्टर. दुसऱ्या दिवशी ती मला खांदा कॉलनीत घेऊन गेलीच. डॉक्टरांनी स्प्रे तोच ठेवला, तीन गोळ्यांबद्दल मात्र चांगलं झापलं, आणि शिंका फारच आल्या तर घ्यायला कमी झोपेची दुसरी गोळी लिहून दिली. धाकटी शेजारी बसून मान डोलवत होती. मला तेही आवडलं नाही.

रोज सकाळी मारायला लागले. आठवडा गेला, काही नाही. मी तिला म्हटलं, फुकट आहे हे. ती म्हणाली, थांबा. बाराव्या दिवशी, रविवारी, मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. एकदम काही तरी आत शिरलं. सुकट. सुकट आणि कैरी, तव्यावर, लसणासकट. किती वर्षांनी फेब्रुवारी-मार्चात मला सुकटीचा वास आला होता ते आठवेना. कपडे बादलीत तसेच टाकून मी खाली गेले, तिने न विचारता ताट वाढलं, आणि मी भाकरीशी खाल्ली. चवही आली. माझ्यापेक्षा चांगली करते ती सुकट. हेही मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

हात धुतले आणि म्हणाले, "एप्रिलात चुलत्याकडची हलद हाय. पुढं तू बस."

तिने ओट्याकडून वळून बघितलं. "नि तुमी?"

"मी मागं. आयचा नाव तू घेतलास, मग जागा पन तुजीच. पन येकबी नाव चुकलीस ना, तर मी झाकनार नाय, आदीच सांगून ठेवते."